खिडकी लावून घ्या, मास्तर

रंगनाथ, तुझ्या घरून परतलो त्याला आज नऊ दिवस झाले. तालुक्याच्या साप्ताहिकाने तुझ्याविषयी मजकूर मागितला आहे. अकरा वर्षे आमच्या गावची मुक्कामी गाडी चालवणारा ड्रायव्हर गेला, तेव्हा त्या गावच्या हेडमास्तराने चार शब्द लिहावेत, हे रीतीला धरूनच आहे. पहिल्या दिवशी मी कागद पुढे ओढून 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष' आणि 'गावाशी समरस झालेले' असे लिहिले. यातले काहीही खोटे नव्हते. तरी मी तो कागद फाडला. तुझी बायको मला जे बोलली, ते ऐकल्यानंतर त्या शब्दांखाली मला सही करता येईना.

गेलेल्या माणसावर राग धरू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी धरला आहे. तो तुझ्यावर किती धरावा आणि माझ्यावर किती, हे मला अजून उमगलेले नाही. ते उमगावे म्हणून हे लिहितो आहे, आणि तुलाच सांगतो आहे, कारण यातले निम्मे फक्त तुला ठाऊक होते.

तू पहिल्यांदा आलास ती संध्याकाळ तुला आठवत असेल. हारांनी तुझी मान वाकली होती. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती. मोटार डोणगावपर्यंत येई; तिथून आमच्या गावची वाट चार-साडेचार मैलांची, आणि ती पायी. संध्याकाळी गावात यावी, रात्री मुक्काम करावा आणि पहाटे लोकांना घेऊन मेहकरला जावी, अशी गाडी मिळावी म्हणून मी दोन वर्षे अर्ज लिहीत होतो. आजाऱ्याला दवाखाना गाठता यावा, सातवी झालेल्या पोरींना हायस्कुलात जाता यावे, एवढाच माझा हेतू होता. निदान तेव्हा मला तसे वाटत होते.

बायकांनी चाकांना हळदकुंकू वाहिले. गाडीच्या नाकासमोर नारळ फुटला. तू हार काढून मला बाजूला घेतलेस आणि हळूच विचारलेस, "मास्तर, गावात चांगला उतार कुठंय?"

"उतार कशाला?" मी म्हणालो.

"हिची बॅटरी बसलेली हाय. थंडीत सेल्फ घेत नाही. उतारावर लावली, सकाळी चाकापुढचा धोंडा काढला, की घरंगळती आन् चालू होती. कुणाला सांगू नका. आजच हार घातलेत लोकांनी."

गावात उतार दोन होते. एक नाल्यापलीकडे माळावर, जिथे एकही घर नव्हते. दुसरा मारुतीच्या पारापासून खाली शाळेपर्यंत येणारा. त्याच्या तळाशी शाळा, शाळेला लागून माझ्या राहत्या दोन खोल्या, पलीकडे काशीबाईचे घर आणि पुढे आठ-दहा घरांची ओळ. मी तुला दुसरा उतार दाखवला. माझ्या अर्जांनी आलेली गाडी माझ्या शाळेसमोर उभी राहावी, ही माझी इच्छा होती. तू विचारलेस फक्त उताराचे. जागा मी निवडली. हे आरंभीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझा राग वाचताना कोणी ते विसरणार नाही.

त्या दिवसापासून आमची पहाट तुझ्या गाडीने होऊ लागली. तू धोंडा काढायचास, गाडी पारापासून खाली यायची, दोन आचके देऊन धडधडायची आणि आमच्या भिंतीशी येऊन थांबायची. एकदा चालू झाली की सुटेपर्यंत ती बंद करायची सोय नव्हती. सपाटीवर बंद पडली तर अर्ध्या गावाने ढकलावी लागे. पाऊण तास ती तिथे थरथरत उभी असे. "ओ डायवरसायेब, थांबा बरं, म्हतारी येऊन राह्यली!" अशा हाका, कोंबड्यांच्या टोपल्या, पोरींच्या दप्तरांची ओढाओढ. आणि धूर. हिवाळ्यात तो वर जात नसे. समोरासमोरच्या ओसऱ्यांमध्ये कमरेइतक्या उंचीपर्यंत साचून राही. मोठ्या माणसांच्या नाकाखाली, आणि रांगत्या-चालत्या मुलांच्या नाकातोंडाशी.

पहिल्याच आठवड्यात काही बायका नाके मुरडू लागल्या. तेव्हा ग्रामपंचायतीसमोर मी एक छोटेसे भाषण केले. तू गाडीच्या पायरीवर बसून ऐकत होतास. मी म्हणालो, "बाळंतिणीच्या खोलीत आपण ओव्याची, वावडिंगाची धुरी देतोच ना? डोळे चुरचुरतात, पण बाळ सुदृढ होते. ही मोटारीची धुरी तशीच समजा. गावाचा नवा जन्म झाला आहे. थोडी धुरी सोसायला हवी." लोक हसले. टाळ्या पडल्या. तूही हसलास आणि नंतर म्हणालास, "मास्तर, तुमी तर डिझेलला बी ओव्याचा भाव आणला."

मी ते अलंकार म्हणून बोललो होतो. काशीबाईने ते औषध म्हणून ऐकले. ऐकणारच. गावातल्या प्रत्येक तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी, शेगडीवर ओवा टाकून धुरी देणारी ती. धुरीने कफ सुटतो यावर तिचा आयुष्यभराचा विश्वास, आणि मास्तर खोटे बोलत नाही यावरही तितकाच. पुढच्या हिवाळ्यात मुलांना खोकल्याची साथ आली तेव्हा ती आपल्या दीड वर्षाच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून पहाटे गाडीमागे येऊन उभी राहू लागली. डांग्या खोकला होता त्याला. तिचे पाहून आणखी दोघी-तिघी आल्या. मागच्या नळीतून धूर सुटला की त्या मुलांची तोंडे तिकडे वळवत. पोरे रडत, खोकत, आणि काशीबाई म्हणे, "खोकू द्या. कफ सुटून राह्यला."

मी हे खिडकीतून पाहत होतो, रंगनाथ. एक-दोन सकाळी नव्हे, पंधरवडाभर. आरोग्यशास्त्राच्या तासाला मी मुलांना शिकवत असे की चुलीच्या धुरापासून तान्ह्या बाळांना दूर ठेवावे. तोच मी खिडकीत चहा घेत उभा राही, आणि माझा शब्द गावात कसा मानला जातो, याचे मला आतून बरे वाटे. तू एकदा आरशात पाहून खाली उतरला होतास. "आजी, लेकराला घेऊन मागं नका थांबू," एवढे म्हणालास. काशीबाईने तुला उडवून लावले, "तू गाडी हाक बाप्पा. मास्तरनं सांगतलं हाय." तू माझ्या खिडकीकडे पाहिलेस. मी काही बोललो नाही.

त्या पौषात काशीबाईचा नातू गेला. साथीत आणखीही मुले आजारी होती; डांग्या खोकल्याने मुले दगावतात, हे सगळ्यांना माहीत होते. त्याला धुराने मारले असे मी म्हणू शकत नाही. धुराने मारले नाही असेही मी म्हणू शकत नाही. मी चार दिवस जेवलो नाही. गावाने त्याला माझी माया म्हटले. पाचव्या दिवशी पहाटे मी तुझ्याकडे आलो आणि विचारले, "या धुराने मुलांना काही अपाय होतो का रे?" तू पान्याने काहीतरी आवळत होतास. वर न पाहता म्हणालास, "काय बी होत नाही मास्तर. मही लेकरं डेपोच्या मागंच वाढायलीत. याच धुरात."

मी घरी आलो आणि जेवलो.

आज कळते की तो प्रश्न नव्हताच. मला जे उत्तर हवे होते, तेच मी तुझ्या तोंडून मागून घेतले. पण तेव्हा तू ते खरे मानून दिलेस, म्हणून त्या पहिल्या उत्तराबद्दल माझी तुझ्याशी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

पुढची वर्षे आपली मैत्री वाढली. अहो-जाहो नको, असे तूच म्हणालास. मी तुला 'तू' म्हणू लागलो, पण मला 'तू' म्हणायला तू काही केल्या तयार झाला नाहीस. आठवड्यातले तीन-चार मुक्काम तुझे असत. शाळेच्या ओसरीत तुझी वळकटी, आमच्या घरची भाकर, आणि पहाटे खिडकीच्या गजांमधून माझ्या हातचा चहा. इंजिन भिंतीशी धडधडते आहे, तू खिडकीखाली उभा, मी आत, आणि माझ्या मागे खाटेवर धाकटी मंदा झोपलेली. उतारवयातले लेकरू. तू आलास तेव्हा ती दोन वर्षांची होती.

तिचा खोकला कधी सुरू झाला, हे मला नेमके सांगता येत नाही. तिच्या आईला सांगता येते. ती एकदा खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून माझ्यासमोर आली. बोट काळे झाले होते. "पाहा हे. रोज पुसते मी. अन् पोरगी हेच नाकात घेऊन राह्यली. तुमचा मोकळ्या हवेचा धडा आता पुरे करा." मी म्हणालो, हा वातप्रकृतीचा खोकला आहे, माझ्या मावशीलाही होता. डोणगावच्या डॉक्टरांनी बाळदमा म्हटले. मोठी झाली की जाईल, म्हणाले.

आणि तुझी माझी ती न संपलेली वादावादी! ती साधारण चौथ्या वर्षी सुरू झाली, हे मला आता हिशेब लावल्यावर कळते. त्याआधी तू चहा घेऊन पेला परत द्यायचास आणि जायचास. त्या हिवाळ्यापासून रोज म्हणू लागलास, "खिडकी लावून घ्या, मास्तर. थंडी हाय."

मी म्हणायचो, "पहाटेची मोकळी हवा फुप्फुसांना हितकारक असते."

"तुमच्या पुस्तकातली हवा आन् इथली हवा येगळी असती, मास्तर."

"हवा सगळीकडे एकच, रंगनाथ. माणसाने कोंडून घेऊ नये."

"लेकरू झोपलंय मागं. गार वारं लागंल. लावा."

"काटक होईल."

तू हसायचास आणि मान हलवत गाडीकडे जायचास. मी हा संवाद वर्गात मुलांना सांगत असे. शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातला फरक म्हणून. माझी खिडकी उघडी राही, रंगनाथ. तत्त्व म्हणून उघडी राही. आणि तू थंडीचे नाव पुढे करत राहिलास. एकदाही खरे कारण तुझ्या ओठांवर आले नाही.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर तू एके संध्याकाळी गाडी पाराकडे न आणता सरळ नाल्यापलीकडच्या माळावर नेऊन लावलीस. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तुझ्या सुट्टीच्या दिवशी येणारा दुसरा ड्रायव्हरही तिथेच लावू लागला. तू त्याला सांगून ठेवले होतेस. गावात कुरकुर सुरू झाली. अंधारात नाला ओलांडायचा, म्हाताऱ्यांचे गुडघे, पोरींच्या चपला चिखलात. लोक माझ्याकडे आले. त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि ते मला सोयीचेही होते. शाळेसमोरची जागा रिकामी दिसली की मला कमीपणा आल्यासारखे वाटे.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी मी तुला गाठले. "गाडी तिकडे का नेलीस?"

"तिकडचा उतार लांब हाय. चांगली चालू होती."

"बारीकसा त्रास तू सोसावास की सगळ्या गावाने?"

मग विचारलेस, "मंदाचा खोकला कसाय?"

"या महिन्यात बरा आहे," मी म्हणालो. खरोखरच बरा होता. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडले, माझ्याच कानांनी ऐकले, आणि तरी मी त्याच्या मागे काय आहे ते पाहायला गेलो नाही. "गाडी उद्यापासून पाराकडे आण."

"तुमी म्हणता तर आणतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी गाडी पाराकडे होती. गावाने मला धन्यवाद दिले. आठवडाभरात मंदा पुन्हा पहाटे उठून बसू लागली, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे झुकून, एकेक श्वास विहिरीतून ओढल्यासारखा ओढत. तू खिडकीखाली चहा घेत असताना तिच्या छातीची शीळ तुला ऐकू येत होती. येतच असणार, इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरक तुला ऐकू येई, मग हे कसे न येईल? तू पेला परत दिलास आणि म्हणालास, "खिडकी लावून घ्या, मास्तर. थंडी हाय."

सात हिवाळे, रंगनाथ. तुझ्या बायकोशी बोलेपर्यंत ही सात वर्षे मला मैत्रीची वाटत होती.

तू गेल्याची बातमी तुझ्याच गाडीने आणली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "मास्तर, तुमचा माणूस गेला." मी तुझ्या गावी, देऊळगाव राजाला गेलो तेव्हा तुझे घर डेपोच्या मागे शोधत होतो, कारण तू मला तेच सांगितले होतेस. तिथल्या पानवाल्याने हसून सांगितले, "रंगनाथ डायवर? त्यांनी ही खोली सोडून किती वर्षं झाली! ते तिकडं मळ्यात राहतात."

मी मळ्यापर्यंत चालत गेलो. मोकळे रान, एक कडुनिंब, दोन खणांचे घर. मोटारीचा रस्ता नजरेच्या पल्ल्यात नव्हता. तुझी बायको दारात बसली होती. मी टेकलो. थोड्या वेळाने गोठ्यातून एक वासरू सुटले, आणि तुझा दिनकर त्याच्यामागे बांधापर्यंत धावत गेला, धरून ओढत आणले, आणि आईशी हसून काहीतरी बोलला. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. त्याला धाप लागली नव्हती. मी सहज म्हणालो, "काटक आहे."

"आता हाय," ती म्हणाली. "लहानपणी लई दम लागायचा त्याला. डेपोमागं राहत होतो तव्हा. रात्रंदिवस मोटारी. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, लेकरू जपायचं असंल तर मोटारीच्या धुरातून आधी बाहेर काढा, औषध मागून. ह्यांनी आठ दिवसांत बिऱ्हाड इथं आणलं. पाणी लांबून आणावं लागतं, पण दिन्याचा दम बसला." मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, "तुमाला सांगितलं नाही का कधी?"

मी नाही म्हणालो.

ती गोंधळली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "मी म्हणायचे, मास्तरला सांगा, त्यांची बी लेक तसलीच हाय. तर म्हणायचे, कसं सांगू? त्या म्हातारीचा नातू गेला तव्हा मास्तर चार दिवस जेवले नाहीत. आता हे सांगितलं तर जन्मभर त्यांच्या मनात राहील, की आपल्याच बोलण्यानं लेकरू गेलं. देवमाणूस हाय. त्याला कशाला जाळू?"

ती हे तुझा चांगुलपणा म्हणून सांगत होती. मी हात जोडले आणि उठलो. परतीची गाडी सुटायला वेळ होता; डेपोत चार गाड्या बंद न करता उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे, तुझ्या जुन्या खोलीच्या दारात, दुसऱ्या कोणाची तरी दोन लहान मुले मातीत खेळत होती. मी उठून त्यांच्या आईला काही सांगितले नाही. तोवर मी फक्त तुझ्यावर धुमसत होतो.

तुला ठाऊक होते. तू स्वतःच्या लेकराला आठ दिवसांत उचलून नेलेस आणि माझ्या लेकराच्या उशाशी रोज पाऊण तास तोच धूर सोडत राहिलास, वर माझ्या हातचा चहा घेत. डॉक्टरचे एक वाक्य होते. ते तू देऊळगावाहून आमच्या गावापर्यंत आणले असतेस तर त्याला तिकीट लागले नसते. तू माझी लाज राखलीस, रंगनाथ. मंदाचा श्वास राखला नाहीस. पोरी अंगणात लंगडी खेळतात तेव्हा मंदा कडेला बसून पंच होते. कोण बाद, कोण नाही, ते सांगते. तेरा वर्षांची झाली, अजून एकदाही खेळलेली नाही. तिच्या वाट्याचे जे गेले, ते कशाच्या मोबदल्यात गेले? तर मला 'देवमाणूस' म्हणवून घेता यावे म्हणून. हा व्यवहार तुम्ही दोघांनी केलात, एका बाजूने तू, आणि माझ्या वतीनेही तूच. मला विचारले नाहीत. विश्वासघात म्हणतात तो हाच, आणि तो प्रेमापोटी झाला म्हणून मला कमी बोचत नाही. उलट अधिक बोचतो, कारण भांडावे तर समोर कोणी वैरी नाही.

असे पाच दिवस मी तुझ्याशी मनात भांडलो. सहाव्या दिवशी, शाळेच्या ओसरीत तुझी वळकटी जिथे असे तिथे बसलो असता, मला उलट बाजूचे दिसू लागले. तू गाडी हलवली होतीस. कोणी न सांगता, वरिष्ठांना न विचारता, बोलणी खात हलवली होतीस. तुला सांगता येत नव्हते ते तू करून दाखवलेस. आणि ते परत फिरवायला मी आलो. 'या महिन्यात बरा आहे' हे माझेच वाक्य. तू खिडकी लावायला सांगितलेस; त्याला मी धड्याने उत्तर दिले. आणि मला सांगणे तुला इतके अवघड का झाले? कारण ज्याच्यापुढे खरे बोलता येत नाही असा माणूस मी होऊन बसलो होतो. मी तुला 'तू' म्हटले, पण माझ्या चुकीला चूक म्हणण्याइतकी जागा तुला कधी दिली नाही. ते चार दिवसांचे उपोषण! नातू काशीबाईचा गेला, आणि गावाने सांत्वन माझे केले. ते पाहूनच तू घाबरलास.

तरी मी तुला मोकळे सोडत नाही. मी बहिरा होतो हे खरे. पण बहिऱ्याला माणूस दंडाला धरून हलवतो. तू मला हलवायला हवे होतेस.

हे छापले जाण्याआधी एक काम उरले होते. काशीबाईला वाचता येत नाही. गावात दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावे आणि तिने ऐकावे, हे मला सहन झाले नसते. परवा दुपारी मी तिच्या ओसरीवर गेलो. ती सुपात तूर निवडत होती. भाषणापासून तुझ्या बायकोपर्यंत सारे सांगितले. तिची बोटे थांबली नाहीत. शेवटी सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पोराले मी नेलं होतं, मास्तर. माह्या या हातानं धुरात धरलं. तुमी कोठी नेलं?"

"मी सांगितले होते म्हणून तुम्ही नेलेत."

"त्या डायवरले मालूम होतं?"

"नंतर कळले होते."

"अन् तुमाले?"

खूप वर्षांनी मला कोणी असा सरळ प्रश्न विचारला होता. "मला कळून घ्यायचे नव्हते," मी म्हणालो.

ती भिंतीकडे पाहत राहिली. आमच्या दोन घरांमधल्या त्या भिंतीवर चुना लावला तरी दर दिवाळीपर्यंत काळसर पट्टा उमटतो, कमरेइतक्या उंचीवर. "इतके वर्स मी देवाले पुसून राह्यली, काऊन नेलं माह्यं लेकरू म्हणून," ती म्हणाली. "अन् तुमी भिंतीपल्याड बसेल होते." तिचा आवाज चढला नाही. चढता तर मला बरे वाटले असते. मी क्षमेचा शब्द काढणार, तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवले. "ते राहू द्या. सुनेले सातवा लागला. गाडी उद्यापासून तिकडं लावा. बाकीचं मंग पाहू."

तिने क्षमा केली नाही, आणि मी आता मागतही नाही. तिने काम सांगितले आहे.

काल संध्याकाळी मी वेशीपाशी उभा राहिलो आणि तुझ्या जागी आलेल्या ड्रायव्हरला गाडी नाल्यापलीकडे न्यायला सांगितले. तोही म्हणाला, "पार जवळ पडते न जी." मी त्याला जालन्याच्या डॉक्टरचे वाक्य सांगितले, तुझ्याकडून सात वर्षे उशिरा निघालेले. आज पहाटे कंदील घेऊन मी माळाच्या वाटेवर थांबलो आणि पोरींना, म्हाताऱ्यांना नाला ओलांडून दिला. मागून कोणीतरी बोललेच, "मास्तरनं मोटारीले वनवासात धाडलं. आता आमी बी चौदा वर्स चालतो." लोक हसले. हसू देत. हा मजकूर वाचल्यावर हसणार नाहीत, आणि 'देवमाणूस'ही म्हणणार नाहीत. ते ओझे तू माझ्यासाठी इतकी वर्षे वाहिलेस. आता उतरवून ठेव.

गाडी गेल्यावर घरी आलो. मंदा जागी झाली होती, पण उठून बसलेली नव्हती, पडूनच होती. आवाज न ऐकून गोंधळली असावी. "आज मोटार नाही आली का, बाबा?" तिने विचारले. मी म्हणालो, आली आणि गेलीही. मग ती म्हणाली, "खिडकी उघडू?"

बत्तीस वर्षे मी मोकळ्या हवेचा धडा शिकवतो आहे. उत्तर तोंडपाठ आहे. ते मी दिले नाही. "थांब," म्हणालो, आणि बाहेर गेलो. तू चहासाठी उभा राहायचास तिथे, खिडकीखाली, मुलांच्या उंचीला वाकून उभा राहिलो आणि हवा हुंगून पाहिली. नुसत्या ओल्या मातीचा वास होता. आणखी एकदा पाहिली.

मग आत वळून म्हणालो, "उघड."